दीडशे शब्दांत टॅम्सिन

आमच्या टॅम्सिनला सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांना, जायचं होतं, आणि त्यासाठी शाळेने आमच्याकडे मागितलं काय, तर एका पानाचा फॉर्म. पुढच्या दोन वर्षांसाठी तीन विषय निवडायचे, खाली सही करायची, संपलं. मी गेली बावीस वर्षं नगरपालिकेत रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात आहे. आमच्याकडे एक दिवा बंद पडला तर चार पानांचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो फॉर्म मी स्वतः तयार केलेला आहे. तेव्हा एका पानाला मी घाबरायचं काही कारण नव्हतं. "हे मी बघतो," असं मी माझ्या बायकोला, लोरेनला, सांगून टाकलं. लोरेन नर्स आहे. मी "हे मी बघतो" म्हटलं की ती डोळे मिटून एक लांब श्वास घेते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना असं होत असावं.

टॅम्सिनचे विषय ठरलेले होते: केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि गणित. त्यातही जीव केमिस्ट्रीत. अकरा वर्षांची असल्यापासून ती कालव्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वहीत रंग लिहायची. आमच्या फ्रिजच्या दारात दूध कुठलं आणि कालवा कुठला, हे चिठ्ठी वाचून ठरवावं लागायचं. एकदा मी चिठ्ठी न वाचता चहा केला होता, पण तो विषय वेगळा.

एकच अडचण होती. शाळेत विज्ञान दोन तऱ्हांनी घेता येतं. एक तर तिन्ही विज्ञानं सुटी सुटी घ्यायची, नाहीतर तिन्ही मिळून एकत्र. टॅम्सिनने एकत्र घेतलं होतं, कारण सुटी घेतली तर तिचा संगीताचा तास बुडत होता. एकत्रवाल्यांनाही पुढे केमिस्ट्री मिळते, फक्त गुण चांगले हवेत. तिचे होते. जानेवारीच्या सराव परीक्षेत तिला आठ आणि आठ पडले होते; एकत्र विज्ञानाला दोन आकडे मिळतात. आमच्या वेळी ए, बी, सी असायचं, आता आकडे असतात आणि नऊ हा सगळ्यांत वरचा. म्हणजे काळजीचं काही नव्हतं. पण केमिस्ट्रीच्या वर्गात जागा चोवीस, आणि मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यादी बंद होणार होती. अशा वेळी शेजारी गप्प बसत नाहीत.

आमच्या कुंपणाच्या डाव्या बाजूला रोझलिंड थ्रेलफॉल राहते. तिचा मुलगा बार्नबी टॅम्सिनच्याच वर्गात.

"आमच्या बार्नबीचं काही खरं नाही बघ, मॅल्कम," ती कात्रीने कुंपण छाटत म्हणाली. "तिन्ही विज्ञानं सुटी घेतली, तिन्हींत नऊ-नऊ पडले. पण खोली बघशील त्याची! कसं व्हायचं या पोराचं?"

"आमचीचं तर विचारूच नकोस," मी म्हणालो. "एकत्र विज्ञान, तेही कसंबसं रेटतेय."

यावर रोझलिंडने कात्री थांबवून माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. टॅम्सिनला आठाच्या खाली काही पडलेलं नाही, हे तिला तत्काळ कळलं होतं. आमच्या गल्लीत हे असंच चालतं. स्वतःच्या मुलाची स्तुती स्वतःच्या तोंडाने करायची नाही. त्याला होईल तेवढं खाली ओढायचं, आणि समोरच्याने "छे, काहीतरीच काय!" म्हणून त्याला वर उचलायचं. स्वतःहून स्तुती करणारा माणूस एक तर नवा राहायला आलेला असतो, नाहीतर त्याला दोन ग्लास जास्त झालेले असतात. माझे वडील माझ्याबद्दल चारचौघांत "अजून घरात आहे" एवढंच म्हणायचे, आणि त्यांना माझा फार अभिमान होता असं आईने मला त्यांच्या अंत्ययात्रेनंतर सांगितलं.

उजव्या बाजूला विल्फ ॲक्रॉइड राहतात. वय एक्याऐंशी, बस कंपनीत तपासनीस म्हणून निवृत्त. त्यांना ही एकत्र विज्ञानाची भानगड समजावून सांगायला मला अर्धा तास लागला.

"म्हणजे एकाच तिकिटात तीन बस," ते शेवटी म्हणाले. "मग पोरगी पोचेल की. तू फक्त मधे मधे बोलू नकोस."

हा सल्ला मी मनावर घेतला नाही.

फॉर्म दिल्यावर शाळेत पालकांसह एक मुलाखत असते. आमची मार्चमधल्या एका मंगळवारी होती, पाच चाळीस ते पाच पन्नास. लोरेनची ड्यूटी असल्यामुळे मी आणि टॅम्सिन दोघंच गेलो. सिक्स्थ फॉर्मच्या नव्या प्रमुख मिस डायकस्ट्रा. गेल्याच वर्षी हॉलंडहून आलेल्या, उंच, हसऱ्या बाई. टेबलावर कागद, कागदावर टॅम्सिनचं नाव. त्यांनी टॅम्सिनला चार प्रश्न विचारले, तिने चांगली उत्तरं दिली. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"केमिस्ट्री अवघड जाते पुष्कळांना. टॅम्सिनला जमेल का? तुम्हाला काय वाटतं, मिस्टर पिकर्सगिल?"

आता यावर सभ्य माणूस काय म्हणेल?

"अहो, कसलं काय!" मी म्हणालो. "धडपडते बिचारी. विज्ञानात चमकणाऱ्यांतली नाही ती. एकत्रच घेतलंय ना. घरात पुस्तकं उघडी दिसतात खरी, पण डोक्यात किती जातं ते देव जाणे."

आणि मी थांबलो. इथे बाईंनी "छे, काहीतरीच काय!" म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि मी बोललो ते सगळं लिहून घेतलं. सावकाश, नीट, दोन ओळींत. मग पेनाला टोपण लावलं, माझे आभार मानले आणि पाच पन्नासला आम्ही बाहेर होतो.

गाडीत मी म्हणालो, "छान झालं, नाही का?"

"हं," टॅम्सिन म्हणाली. सोळाव्या वर्षी "हं" हे लांबलचक वाक्य असतं, त्यामुळे मी खुश होतो.

तेरा दिवसांनी पत्र आलं. विषय तीन: गणित, भूगोल, समाजशास्त्र. मी पत्र उलटं करून पाठीमागे पाहिलं. तिथेही केमिस्ट्री नव्हती. बायॉलॉजीही नव्हती.

"असू दे, डॅड," टॅम्सिन टोस्टला लोणी लावत म्हणाली. "भूगोलही चांगला असतो." आणि ती शाळेत गेली. फ्रिजच्या दारातल्या बाटल्या त्या आठवड्यात गेल्या. मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून तिने आवराआवर केली असेल.

लोरेनने पत्र दोनदा वाचलं. "तू तिथे नेमकं काय बोललास?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, कारण मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"मॅल्कम," ती म्हणाली, "तू हे डच बाईला सांगितलंस? आमच्या वॉर्डात दोन डच नर्सेस आहेत. त्यांना 'कशी आहेस' असं विचारलं ना, तर त्या खरोखर कशा आहेत ते सांगतात!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या सभ्यपणाने माझ्या मुलीचा विषय गेला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मिसेस क्लेग म्हणाल्या, विषय बदलायला वेगळा फॉर्म आहे, तो शाळेच्या वेबसाइटवर पालकांच्या पानावर मिळेल. पालकांचं पान उघडायला परवलीचा शब्द लागतो. तो चार वर्षांपूर्वी आम्हाला पाठवला होता. नवा हवा असेल तर त्यासाठी अर्ज आहे, आणि तो अर्ज पालकांच्या पानावरच आहे. मी फोन ठेवला आणि आमच्या खात्यात दिवा बंद पडल्याची तक्रार करणाऱ्या लोकांचा मला प्रथमच कळवळा आला. नऊ दिवसांनी फॉर्म हाती लागला.

फॉर्म सोपा होता, पाचव्या रकान्यापर्यंत. पाचव्यात लिहिलं होतं: "आपल्या पाल्याचे गुण आपल्या शब्दांत सांगा. कमीत कमी दीडशे शब्द."

मी चहा केला. खुर्ची खिडकीजवळ घेतली. लिहिलं: "टॅम्सिन वेळेवर उठते." एकशे सत्तेचाळीस शब्द उरले. तासाभराने त्याखाली "ती तशी त्रास देत नाही" एवढं आलं होतं, आणि ते वाचताना माझे कान गरम झाले. मी बढाई मारत होतो असं मला वाटत होतं.

लोरेन म्हणाली, "सरळ लिही ना, ती हुशार आहे."

"तू लिही."

लोरेनने पेन घेतलं. पाच मिनिटं कागदाकडे पाहिलं. "माझी ड्यूटी आहे," असं म्हणून ती निघून गेली. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

संध्याकाळी रोझलिंड लिंबाचा केक घेऊन आली. कोणी अडचणीत आहे हे कळलं की ती केक करते. खरं तर तिला कळायच्या आतच केक झालेला असतो. "आपण लाज सोडली पाहिजे, मॅल्कम," ती ठामपणे म्हणाली आणि तिने लिहिलं: "टॅम्सिन बऱ्यापैकी आहे." मग आम्ही दोघंही बराच वेळ बागेकडे बघत बसलो. तिसऱ्या ओळीपासून तिच्या मजकुरात बार्नबी शिरला आणि अर्ध्या पानानंतर त्याला केमिस्ट्रीत जागा मिळावी अशी जोरदार शिफारस तयार झाली. जागा त्याला आधीच मिळालेली होती.

शेवटी मी विल्फसाहेबांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर अहवाल लिहिले होते.

"भावना आणायचीच नाही," ते म्हणाले. "तारीख, वेळ, ठिकाण, काय आढळलं. वाचणाऱ्याने ठरवावं."

हे मला पटलं. माझ्याही खात्याची रीत तीच. दोघांनी मिळून तासाभरात मजकूर पुरा केला, आणि मी तो त्याच दिवशी पाठवून दिला. सुरुवात अशी होती: "गतवर्षी दिनांक चार जून रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सदर मुलगी कालव्याच्या काठी एकटी, हातात बाटली घेऊन आढळली. दिनांक अकरा जून रोजी पुन्हा त्याच ठिकाणी. विचारणा केली असता तिने बाटली दप्तरात ठेवली." असे सहा प्रसंग होते. शब्द बरोबर एकशे बावन्न भरले.

दोन दिवसांनी मला कामावर फोन आला. शाळेत विद्यार्थ्यांचं भलंबुरं पाहणाऱ्या एक बाई असतात, त्यांचा. आवाज अगदी मऊ होता.

"मिस्टर पिकर्सगिल, तुम्ही कळवलंत हे फार चांगलं केलंत. घरी सगळं ठीक आहे ना?"

"आहे की."

"टॅम्सिन त्या बाटलीबद्दल तुमच्याशी मोकळेपणी बोलते का?"

"पूर्वी बोलायची. हल्ली नाही बोलत."

"आणि बाटलीत काय होतं, तुम्हाला कल्पना आहे?"

"कालवा," मी म्हणालो.

ते निस्तरायला पाऊण तास लागला. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी तेवढा वेळ एकही कागद न हलवता काम करत होता. बाई शेवटी हसल्या, पण मजकूर त्यांच्या खात्यात नोंदला गेला होता, तो विषयबदलाच्या खात्यात परत पाठवायला दहा दिवस लागतात म्हणाल्या. यादी बंद व्हायला चार दिवस होते.

त्या संध्याकाळी लोरेनने मला समोर बसवलं. "उद्या सुट्टी काढ. शाळेत जा. त्या बाईसमोर उभा राहा आणि तोंडाने सांग. 'माझी मुलगी हुशार आहे.' चार शब्द. दीडशे नाहीत."

सकाळी शाळेत जाताना मी गाडीत सराव केला, काचा बंद करून. "माझी मुलगी हुशार आहे." सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधला माणूस माझ्याकडे बघत होता. मी रेडिओ ऐकत असल्यासारखं केलं.

मिस डायकस्ट्रांनी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर पावसापाण्यावर बोललो असतो.

"माझी मुलगी हुशार आहे," मी एका दमात म्हणालो. "फार हुशार आहे. अकरा वर्षांची असल्यापासून कालव्याचं पाणी तपासतेय. त्या दिवशी मी जे बोललो ते तसं नव्हतं. म्हणजे, तसं आम्ही बोलतो. त्याचा अर्थ तो नसतो. तिला केमिस्ट्री परत द्या."

बाई जराशा गोंधळल्या. "पण ती हुशार आहे हे मला माहीत आहे. आठ आणि आठ. तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं, मग गुण पाहिले आणि खोडून टाकलं."

"मग केमिस्ट्री का काढलीत?"

"मी नाही काढली."

त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. विषयबदलाचा फॉर्म होता, मुलांनी भरायचा. तारीख मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसाची. अक्षर टॅम्सिनचं. केमिस्ट्री आणि बायॉलॉजीवर पट्टीने मारलेली सरळ रेघ, आणि कारणाच्या रकान्यात एवढंच: "मला विज्ञान जमणार नाही असं माझ्या वडिलांचं मत आहे. ते मला सगळ्यांत जास्त ओळखतात."

"मी तिला विचारलं होतं, नक्की ना?" बाई म्हणाल्या. "ती हो म्हणाली. तुमच्याकडे 'हो'चा अर्थ काय असतो, ते मला अजून नीट कळत नाही."

आता मात्र मी बसलो. दीड महिना मी या परक्या बाईवर चिडलो होतो, आमची रीत तिला कळत नाही म्हणून. रोझलिंडला कळते, विल्फसाहेबांना कळते, सगळ्या गल्लीला कळते. ती रीत पोरीला कोणी शिकवली होती? कुंपणापलीकडच्या माणसाने उलटा अर्थ लावायचा असतो, पण शेजारी खाली मान घालून उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी शब्दच ऐकणार. आणि एकदा नव्हे, सोळा वर्षं. मला फार लाज वाटली. ती कुठे ठेवू हे मला कळेना.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाईंनी न विचारताच कोणाला तरी टॅम्सिनला बोलवायला पाठवलं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. ती धावतच आली, चेहरा पांढराफटक.

"डॅड? कोणी गेलं का?"

"नाही, नाही. तू हुशार आहेस."

"काय?"

"तू हुशार आहेस. फार. मला कायम तसंच वाटत आलंय."

आमच्या बाजूने मुलांचे लोंढे चालले होते. ती लाल झाली. "हळू बोल ना! तू त्या दिवशी मिसला सांगितलंस की..."

"ते त्यांनी 'छे, काहीतरीच' म्हणावं म्हणून."

"आणि मी काय म्हणायचं होतं?"

तिने बाही ओढून हातावर घेतली. लहानपणी रडू आवरताना ती असंच करायची.

"जानेवारीत आठ-आठ पडले तेव्हाही तू काही बोलला नाहीस," ती म्हणाली. "नुसतं 'बरं' म्हणालास, आणि गाडीत काहीतरी राहिलंय म्हणून बाहेर गेलास."

"काही राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "गाडीत बसून रडत होतो."

"का?"

"का म्हणजे? आनंद झाला म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतोय का हे ती पाहत असावी, आणि मी खोटं बोलत नव्हतो, त्यामुळे मीही तिच्याकडे बघत राहिलो. असं आमच्या घरात सहसा कोणी करत नाही.

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं. मग विल्फसाहेबांनी काचेवर टकटक केली. त्यांना वाटलं गाडी चालू होत नाहीये. ते धक्का द्यायला मागे जाऊन उभे राहिले."

ती हसली. रडतही होती, पण हसली. मग बाहीने नाक पुसून म्हणाली, "हे तेव्हाच घरात येऊन सांगायचं ना, येड्या," आणि दार न वाजवता मिस डायकस्ट्रांच्या खोलीत गेली.

दार उघडंच राहिलं होतं. "मिस, तो फॉर्म मी चुकीचा भरला होता," ती आत सांगत होती. "मला केमिस्ट्री चांगली येते. खूप चांगली येते." हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरच्या बाकावर बसलेले दोन पालक वळून माझ्याकडे बघायला लागले. तिच्या वतीने त्यांची माफी मागणं हे माझं कर्तव्य होतं. मी ती मागितली नाही.